अकरावीचे वर्ष

(ज्ञातिमेळाव्यातील विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी विठ्ठलवाडी येथे केलेले भाषण)



आजच्या समारंभात आपण दहावीच्या व बारावीच्या यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार केला. कोणास वह्या मिळाल्या, कोणास पाकीट मिळाले आणि टाळ्या सर्वांसच मिळाल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु टाळ्यांचा गजर चालू असता आमची दृष्टी सभागृहाच्या मागील रांगांकडे गेली. तेथे जी मुले-मुली बसली आहेत, त्यांपैकी बरीचशी गेल्या वर्षी याच व्यासपीठावर येऊन गुच्छ घेऊन गेली होती. ती आज अकरावीत आहेत. त्यांचा सत्कार नाही, त्यांच्या परीक्षेची कोणी चौकशी करीत नाही, आणि घरी पाहुणा आला तर "सध्या काय, अकरावी, अजून वेळ आहे" एवढेच उत्तर त्यांच्या वतीने वडीलमाणसे देऊन टाकतात. आम्हांस आज या मागील रांगेतील मुलांविषयी, आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांशी, चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही स्वतः शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन थेट अध्यापनाच्या शिक्षणास गेलो आणि पुढे सारी नोकरी प्राथमिक शाळेत केली. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. त्यामुळे अभियांत्रिकीत काय शिकवितात आणि वैद्यकशास्त्रात काय शिकवितात हे आम्ही सांगू शकणार नाही. परंतु निवृत्तीनंतर ज्ञातीतील मुलांचे प्रवेशअर्ज, दाखले व उतारे यांच्या पिशव्या आमच्या घरी येऊ लागल्या, आणि त्या उघडता उघडता आमच्या ध्यानात आले की, बारावीच्या निकालानंतर जी धावपळ व जी रडारड होते तिचे मूळ बहुतेक वेळा अकरावीच्या वर्षात असते.

प्रथम अभ्यासाचे पाहू. आपल्या घरांतून असा समज दृढ आहे की दहावीला मुलगा दमलेला असतो, म्हणून अकरावी ही विसाव्याची, आणि बारावी ही खऱ्या कष्टाची. महाविद्यालयाच्या वार्षिक परीक्षेपुरते पाहिले तर हा समज चालून जाईल. परंतु अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या शाखांसाठी राज्य शासनाचा सीईटी कक्ष जी सामायिक प्रवेश परीक्षा घेतो, तिच्यात सुमारे २० टक्के भाग अकरावीचा व ८० टक्के बारावीचा असतो. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन दोन गुणांचे, असे २०० गुण. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. वैद्यकीय प्रवेशासाठी जी 'नीट' परीक्षा आहे तिच्यात १८० प्रश्न व ७२० गुण. तेथे चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक गुण वजा होतो, आणि अभ्यासक्रम दोन्ही वर्षांचा असतो. म्हणजे अकरावीचे पुस्तक जूनमध्ये रद्दीवाल्यास देणारा विद्यार्थी आपल्याच गुणांचा एक हिस्सा वजनावर विकीत असतो. अशी पुस्तके आम्ही आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील रद्दीच्या दुकानात स्वतः पाहिली आहेत. कित्येकांची पाने जुळलेली होती, म्हणजे ती एकदाही उघडलेली नव्हती.

येथेच एक खुलासा करून ठेवतो, कारण तो दर वर्षी करावा लागतो. सीईटीच्या निकालावर जो आकडा येतो तो पर्सेंटाइलचा असतो, टक्क्यांचा नव्हे. ८५ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांपैकी ८५ गुण मिळाले असा नाही. परीक्षेस बसलेल्यांपैकी ८५ टक्के मुले आपल्या बरोबरीची किंवा आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या लाखांत असते. तेव्हा उरलेले १५ टक्के म्हणजे सुद्धा हजारोंची रांग आपल्या पुढे उभी आहे, हे ध्यानात घेऊन मगच पेढे वाटावेत.

आता शाखेविषयी. मुलाने विज्ञान घेतले म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा राहिली, अशी एक समजूत आपल्या ज्ञातीत अलीकडे बळावली आहे. आपले वडील कोणी मुंबईच्या गिरणीत होते, कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी रेल्वेत, कोणी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये. त्यांच्या डोळ्यांसमोर साहेब म्हणजे इंजिनिअर आणि उपकारकर्ता म्हणजे डॉक्टर, हीच चित्रे होती. त्यांस दोष देता येत नाही. परंतु ज्या मुलास गणिताची धास्ती आहे त्यास केवळ शेजाऱ्यांच्या मुलाने घेतले म्हणून गणित घ्यावयास लावणे, अथवा याच्या उलट, गुण कमी पडतील या भीतीने अकरावीतच गणित सोडून देणे, या दोन्ही गोष्टी पुढे अडचणीच्या ठरतात. गणित सुटले की अभियांत्रिकीचे दार बंद होते. जीवशास्त्र सुटले की वैद्यकीय बंद होते. ज्याचे मन ठरलेले नाही त्याने दोन्ही विषय ठेवावेत. कष्ट अधिक पडतात, पण एक वर्ष विचारास मिळते. हा विचार मुलाने करावयाचा आहे. आईवडिलांनी ऐकावयाचे आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलास "तुला काय आवडते?" असा प्रश्न शांतपणे, जेवताना नव्हे व रागावताना नव्हे, विचारला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

वाणिज्य व कला शाखांतील मुलांस तर वाटते की, प्रवेश परीक्षा हे प्रकरण आपले नव्हेच. पूर्वी ते खरे होते. आता नाही. २०२४ सालापासून आपल्या राज्यात बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. या अभ्यासक्रमांसाठीही सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी पुष्कळ मुलांस तिची वार्ता बारावीचा निकाल हाती आल्यावर लागली, तोवर अर्जाची मुदत संपून गेली होती. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमास सीईटी आहे. परिचर्येस म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगलाही आहे. दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांतून शिकावयाचे असेल तर २०२२ सालापासून सीयूईटी नावाची निराळी परीक्षा आहे. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यास तर दहावीनंतरच संस्थेकडे नाव नोंदविता येते आणि बारावी होताच फाउंडेशनची परीक्षा देता येते. या साऱ्या परीक्षांचे अर्ज बारावीच्या हिवाळ्यात आणि त्याच्या पुढेमागे निघतात. तेव्हा कोणती द्यावयाची हे अकरावीच्या उन्हाळ्यात ठरलेले असले पाहिजे.

खाजगी शिकवण्यांविषयी फार बोलत नाही. कल्याण स्थानकाबाहेर पडले की त्यांचे फलक डोक्यावर पडतील की काय असे वाटते. चांगली शिकवणीही असते. परंतु महाविद्यालयात नाव एक, प्रत्यक्ष बसणे दुसरीकडे, असा जो व्यवहार चालतो तो आम्हांस पसंत नाही. शासनानेही २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. ज्या पालकांना दीड-दोन लाखांची फी कर्जाने भरावी लागते, त्यांनी आधी महाविद्यालयातील शिक्षक वर्गावर येतात की नाही हे जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी येतात, आणि समोरचे बाक रिकामे पाहून परत जातात.

असो. आता ज्या विषयासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो आहोत त्याकडे वळतो. तो विषय म्हणजे कागद.

आपली ज्ञाती इतर मागासवर्गात मोडते. त्या वर्गास राज्यात १९ टक्के जागा आहेत. या जागा आपणांस कोणी दयेने दिलेल्या नाहीत. महात्मा फुल्यांपासून शाहू महाराजांपर्यंत ज्यांनी शिक्षणाची दारे ठोठावली त्यांच्या श्रमाचे ते फळ आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करविली. त्या काळी खेड्यातून आलेल्या मुलापुढचा प्रश्न रात्री निजावे कोठे आणि जेवावे कोठे, हा होता. आजच्या मुलापुढे तो प्रश्न राहिलेला नाही. विठ्ठलवाडीहून गाडीत बसले की माटुंग्याचे व्हीजेटीआय सव्वा-दीड तासावर आहे. आजचा मुलगा अडतो तो एका प्रमाणपत्रापाशी अडतो.

जातीचा दाखला निराळा आणि जात वैधता प्रमाणपत्र निराळे, हे अजूनही अनेकांस ठाऊक नसते. दाखला प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी देतात. तो खरा आहे की नाही हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता प्रमाणपत्र देते. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर हे दुसरे प्रमाणपत्र लागते. त्यामागे इतिहास आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी महादेव कोळी जमातीचा दाखला लावलेल्या दोघी बहिणींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९४ साली माधुरी पाटील खटल्याच्या निकालात न्यायालयाने असे दाखले कसे तपासावेत याची पद्धत घालून दिली. जुन्या शालेय नोंदींचे मोल त्या निकालात मोठे धरले आहे. पुढे आपल्या राज्याने त्यासंबंधी स्वतंत्र कायदा केला. तो २००१ चा २३ वा अधिनियम होय.

आता पुरावा कसला लागतो ते ऐका. इतर मागासवर्गासाठी मानीव दिनांक आहे १३ ऑक्टोबर १९६७. (विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, आपले शेजारी विचारतात म्हणून सांगतो.) या दिनांकापूर्वी आपले पूर्वज कोठे राहत होते आणि त्यांची जात कोणती नोंदली होती, हे कागदाने दाखवावयाचे असते. त्या वेळी जे गाव असेल तेथील प्रांताचा दाखला, आणि दाखला ज्या जिल्ह्याचा त्या जिल्ह्याच्या समितीकडे पडताळणी. मुलगा विठ्ठलवाडीत जन्मला, कोळसेवाडीत शिकला, उल्हासनगरच्या महाविद्यालयात गेला, तरी १९६७ साली आजोबा खटाव तालुक्यात राहत असतील तर कामाचा रस्ता साताऱ्याला जातो. आपल्या वस्तीत निम्मी घरे घाटावरची आणि निम्मी कोकणातली. मूळची येथली फारच थोडी. त्यामुळे हा प्रवास आपणांपैकी बहुतेकांच्या कपाळी आहे, आणि तो बारावीच्या निकालानंतरच्या पावसाळ्यात, एका हातात छत्री व एका हातात पिशवी घेऊन करणे फार कठीण जाते.

कागद म्हणजे कोणते? मुलाचा, वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. दाखला हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा उतारा; भाऊही गेला नसेल तर तहसील कचेरीतील जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांस आपण कोतवाल बुक म्हणतो, म्हणजे गाव नमुना १४. जुनी खरेदीखते, हक्कनोंदी, ज्यांत जात लिहिली आहे असे काहीही. हे सर्व पितृकुलातील पाहिजे. आईकडील कागद येथे उपयोगी पडत नाही. आणि या सर्वांस जोडणारी वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते. वडील, सख्खे चुलते किंवा सख्खा भाऊ यांपैकी कोणास पूर्वीच वैधता मिळाली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. पुरेसे पुरावे नसतील तर समिती दक्षता पथकाकडून गावी चौकशी करविते, आणि मग महिने मोजावे लागतात.

आमची हयात जनरल रजिस्टर लिहिण्यात गेली, म्हणून या नोंदींविषयी थोडे अधिक बोलण्याचा अधिकार आम्ही घेतो. जुन्या गुरुजींचे अक्षर सुंदर असे, पण खेड्यात मुलाचे नाव कोण सांगत असे? कधी आजी, कधी थोरला भाऊ, कधी शेजारी. सांगणाऱ्याने 'किसन' म्हटले की गुरुजींनी 'किसन' लिहिले. त्याच माणसाच्या सातबाऱ्यावर 'कृष्णा' असते. आडनाव तर पुष्कळ ठिकाणी नाहीच. मुलाचे नाव, बापाचे नाव, झाले. मुंबईस आल्यावर कोणी गावाचे नाव आडनाव म्हणून लावले, कोणी धंद्याचे, कोणी वरच्या पेठेतील प्रतिष्ठिताचे. जातीच्या रकान्यात कोठे पोटजात लिहिली आहे, कोठे नुसते 'हिंदू' लिहून रकाना सोडला आहे. यांत कोणाची लबाडी नव्हती. पन्नास-साठ वर्षांनी या ओळीवर एखाद्या नातीचा प्रवेश टांगलेला असेल, हे त्या गुरुजींच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु समितीपुढे 'किसन' आणि 'कृष्णा' हे एकच, असे नुसते सांगून भागत नाही. दोन्ही नावे एकत्र आलेला तिसरा कागद शोधावा लागतो, आणि शोधास वेळ लागतो. तालुक्याच्या कचेरीतील जुनी पाने जीर्ण झालेली असतात. काही वाळवीने खाल्लेली असतात. काही मोडी लिपीत असतात व ती वाचणारा माणूस आठवड्यातून एकदा येतो. मुलाच्या स्वतःच्या दाखल्यात चूक असेल तर ती तो शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटली की ती नोंद बदलणे फार दुर्घट होते.

एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आमच्या परिचयातील एक मुलगी. वडील वाहनचालक, आई शिवणकाम करणारी. मुलगी हुशार. सीईटीत तिला इतके गुण मिळाले की राखीव जागेवर मुंबईतील एका उत्तम शासन-अनुदानित महाविद्यालयात तिचा प्रवेश सहज व्हावा. जातीचा दाखला होता. वैधतेचा अर्ज तिच्या वडिलांनी निकालानंतर केला. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत आडनाव निराळे निघाले. जोडणारा कागद गावच्या चुलत्याच्या ट्रंकेत होता आणि चुलत्याशी जमिनीवरून बोलणे बंद होते. वडील दोनदा गावी गेले, दोनदा कचेरीत गेले. एका कचेरीतील कारकुनाने अर्ज अपुरा म्हणून परत केला, परंतु काय अपुरे आहे ते लिहून दिले नाही. मुदत संपली. मुलगी खुल्या गटात गेली. त्या गटात तिला जे महाविद्यालय मिळाले त्याची वर्षाची फी तिच्या वडिलांच्या सहा-सात महिन्यांच्या कमाईएवढी होती. तिने तो प्रवेश घेतला नाही. आज ती शास्त्र शाखेची पदवीधर आहे, एका कार्यालयात नोकरी करते, तक्रार करीत नाही. प्रमाणपत्र तिला पुढे मिळालेच, पाच महिन्यांनी. तिच्या धाकट्या भावाचे काम त्या प्रमाणपत्रामुळे महिन्याभरात झाले, आणि भावाच्या प्रवेशाचे पेढे घेऊन तीच आमच्या घरी आली होती. त्या दिवशी आम्हांस तिच्याशी काय बोलावे ते सुचले नाही.

काही वर्षी शासनाने प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत वाढवून दिली आहे, अर्जाची पावती दाखवून प्रवेश होऊ दिला आहे, हे खरे. परंतु पुढच्या वर्षी तसेच होईल असे कोणी लिहून दिलेले नाही. विज्ञान शाखेच्या मुलांस अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. महाविद्यालयाचे पत्र लागते, ते मुलगा तेथे शिकत असताना मागणे सोपे.

वैधतेबरोबर आणखी दोन कागद. पहिला, वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. तो तहसील कचेरीतून मिळतो व एकदाच काढावा लागतो. दुसरा, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे म्हणजे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. याची मुदत असते, आणि ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, ते वैध असावे लागते. गेल्या वर्षीचे जुने प्रमाणपत्र लावून निर्धास्त राहिलेली मुले आम्ही पाहिली आहेत. उत्पन्नाची मर्यादा २०१७ सालापासून ८ लाख आहे. परंतु नोकरीचा पगार व शेतीचे उत्पन्न यांच्या गणनेचे नियम निराळे आहेत, म्हणून "आमचा पगार जास्त, आम्हांस मिळणार नाही" असे घरबसल्या ठरवून मोकळे होऊ नये.

मुलींच्या पालकांनी तर विशेष लक्ष द्यावे. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय केला की, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी ही सवलत निम्मी होती. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. "मुलीच्या शिक्षणास एवढा पैसा कोठून आणावा?" हा प्रश्न आजवर ज्या घरांतून विचारला गेला, त्या घरांतील वडीलमंडळींस आम्ही नम्रपणे विचारतो की, आता कोणती सबब उरली?

यानंतर एक अप्रिय गोष्ट बोलतो. ती बोलल्यावाचून राहवत नाही. ज्याच्या घरी वैधता प्रमाणपत्र आहे त्याच्याकडे कधी कधी दुसरे ज्ञातिबांधव येतात. आडनाव तेच, जातही तीच. "तुमच्या वंशावळीत आमच्या आजोबांचे नाव घाला, एवढे ज्ञातीसाठी करा," असे म्हणतात. प्रसंगी मोबदलाही देऊ करतात. बंधूंनो, हे ज्ञातिकार्य नव्हे. रक्ताचे नाते नसता ते शपथेवर लिहून देणे हा गुन्हा आहे. २००१ च्या कायद्यात त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. मुलाचा प्रवेश रद्द होतो, मिळालेली पदवी जाते, आणि ज्याने प्रमाणपत्र दिले त्याचेही प्रकरण पुन्हा उघडते. आणि असा एक खोटा अर्ज सापडला की त्या आडनावाच्या पुढच्या दहा खऱ्या अर्जांकडे समिती संशयाने पाहते. कोणी असे मागावयास आले तर त्यास चहा द्यावा, त्याच्या गावच्या शाळेचा उतारा कसा काढावयाचा ते समजावून सांगावे, हवे तर त्याच्याबरोबर गाडीत बसून जावे. कागद मात्र देऊ नये.

अर्ज भरण्याविषयी थोडेसे. हल्ली सर्व काही संकेतस्थळावर असते. अकरावीचा प्रवेशदेखील २०२५ सालापासून सबंध राज्यात त्याच पद्धतीने होऊ लागला. स्थानकाजवळच्या दुकानात जाऊन शंभर-दोनशे रुपये दिले की अर्ज भरून मिळतो. दुकानदार बिचारा कामाच्या घाईत स्वतःचाच मोबाईल क्रमांक व स्वतःचाच ईमेल घालून मोकळा होतो. मग निकालाच्या दिवशी संकेतांक त्याच्या फोनवर जातो, आणि दुकान बंद असते. अर्जावर आपला क्रमांक आहे की नाही हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा. दाखला, गुणपत्रिका व आधार या तिहींवर नाव एकाच तऱ्हेने लिहिले आहे का, हे आजच पाहावे; एका ठिकाणी आईचे नाव, दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून खिडकीपाशी तास तास मोडतात.

पसंतीक्रम भरताना तर आमचे पालक फारच गडबडतात. अभियांत्रिकीच्या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. जे महाविद्यालय व जी शाखा मनापासून हवी ती वर, आणि मग क्रमाने खाली. आपणांस मिळणार नाही असे वाटते म्हणून आवडते महाविद्यालय खाली टाकण्यात काही लाभ नाही. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. परंतु ध्यानात असू द्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते. पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही. म्हणून जेथे जावयाचे नाही ते नाव, दुकानदाराने सुचविले म्हणून, सर्वांत वर लिहू नये. मागील वर्षी कोणत्या गुणांवर कोठे प्रवेश थांबला याच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. अकरावीच्या मुलाने त्या आजच उघडून पाहाव्यात आणि घरच्यांस वाचून दाखवाव्यात. शक्य झाल्यास उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलास एकदा ते महाविद्यालय प्रत्यक्ष दाखवून आणावे. आमच्या शेजारचा एक मुलगा माटुंग्यास जाऊन आल्यापासून पहाटे उठू लागला, असे त्याची आई सांगत होती. त्यात अतिशयोक्ती किती ते आम्हांस ठाऊक नाही, कारण पहाटे आम्ही निजलेले असतो.

सर्वच मुले या मार्गाने जातील असे नाही, आणि जावीत असेही नाही. अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेली आपल्या ज्ञातीची माणसे आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत. कला शाखेत राहून शिक्षक, वकील, ग्रंथपाल झालेले आहेत. ज्याचा जो मार्ग त्याने धरावा. परंतु जो मुलगा पुढे जाण्यास योग्य आहे तो घरातील एका ट्रंकेला कुलूप होते म्हणून मागे राहू नये, एवढीच आमची तळमळ आहे.

यासाठी कार्यकारी मंडळाशी बोलून आम्ही एक योजना ठरविली आहे. नवरात्रानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता ज्ञातीच्या कार्यालयात दोन टेबले मांडली जातील. एकावर आम्ही बसू. दुसऱ्यावर आज ज्यांचा सत्कार झाला ती बारावीची मुले बसतील, कारण यंदाचे अर्ज त्यांनी स्वतः भरले आहेत व त्यांस आमच्याहून अधिक कळते. ज्यांच्या घरी अकरावीचा विद्यार्थी आहे त्यांनी हाताशी असलेले सर्व मूळ कागद व त्यांच्या दोन-दोन छायाप्रती आणाव्यात. कोणता कागद आहे, कोणता नाही, आणि नाही तो कोणत्या गावी मिळेल, याचे टाचण प्रत्येकास त्याच दिवशी करून दिले जाईल. एका तालुक्यास जाणारे तीन-चार जण निघाले तर दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मिळून जावे. गाडीखर्च वाचतो आणि कचेरीत एकट्या माणसापेक्षा चौघांचे ऐकून घेतात. घरी आजोबा किंवा थोरले चुलते असतील तर त्यांस अवश्य बरोबर आणावे. पणजोबांचे नाव, गुरुजींचे नाव आणि शाळा कोणत्या देवळात भरत होती हे त्यांनाच आठवते, आणि ते आम्हांस लिहून घ्यावयाचे आहे.